धरमपेठेतला ‘काळ आणि इतिहास’चा रविवारचा वर्ग: जावं का? हो, पण आधी हे वाचा

नागपुरात रविवारी सकाळी तत्त्वज्ञान ऐकायला लोक पैसे भरून येतात हे सांगितलं तर कोणाला पटत नाही, पण येऊन राहिलेत. धरमपेठेत एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हा वर्ग चालतो, विषय काळ आणि इतिहास, म्हणजे आशियातल्या विचारवंतांनी काळाकडे कसं पाहिलं, युरोपातल्यांनी कसं पाहिलं आणि त्यामुळे दोन्हीकडे इतिहास लिहिण्याची पद्धत कशी घडली. हिवाळ्यात सुरू झाला, ऊन तापायला लागलं तसा संपला. शिकवणारे दोघं, एक फिलॉसॉफीचे रिटायर्ड प्रोफेसर ज्यांना सगळे नुसतं सर म्हणतात आणि एक इतिहासाच्या मॅडम. वर्गाचं नाव मुद्दाम देत नाही कारण खाली तक्रारीही आहेत आणि चालवणारी माणसं मोजकीच आहेत, ज्यांना जायचंय त्यांना धरमपेठ-शंकरनगरकडे चौकशी केली तर सापडेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो, पाचपैकी चार. पाचवा स्टार का नाही ते शेवटी येईलच, आणि तो कापताना मला खरंच वाईट वाटलं कारण इतकं चांगलं शिकवणं या शहरात मी फार कमी वेळा ऐकलंय.

जाहिरातीच्या पत्रकावर एक चित्र होतं, डावीकडे गोल, उजवीकडे बाण. खाली लिहिलेलं की पूर्वेचा काळ चक्राकार, पश्चिमेचा सरळ रेषेत. हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं, व्याख्यानमालेत, दिवाळी अंकात, एखाद्या बाबांच्या व्हिडिओत, आणि ते ऐकायला इतकं गोड लागतं की कोणी तपासत नाही. आपलं चाक, त्यांची रेषा, म्हणून ते प्रगतीच्या मागे धावतात आणि आपण शांत. या वर्गाची सगळ्यात मोठी कमाई ही की सरांनी पहिल्याच रविवारी हे चित्र बाजूला ठेवलं, आणि तेही नुसतं चूक आहे म्हणून नाही, तर एकेक ग्रीक माणूस समोर उभा करून.

स्टोइक नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञांच्या पंथाचं म्हणणं होतं की सगळं विश्व ठरावीक काळानं आगीत जातं आणि पुन्हा तसंच्या तसं उभं राहतं, पुन्हा तोच सॉक्रेटिस, तेच अथेन्स, तोच खटला. पॉलिबियस हा इतिहासकार, रोमचा उदय डोळ्यांनी पाहिलेला, तो सांगतो की राजेशाही बिघडून जुलूमशाही होते, मग उमरावांचं राज्य येतं, ते बिघडून मूठभरांची मक्तेदारी होते, मग लोकशाही, मग झुंडशाही आणि त्यातून परत एक राजा. आता हे चाक नाही तर काय आहे? म्हणजे ज्याला आपण पश्चिम म्हणतो त्याचा पाया जिथे रचला गेला तिथे चाकं भरपूर होती. रेषा आली ती ज्यू आणि ख्रिस्ती श्रद्धेतून. ४१० साली रोम लुटलं गेलं, लोक म्हणायला लागले की जुने देव सोडले म्हणून हे झालं, तेव्हा ऑगस्टीन या ख्रिस्ती बिशपनं ४१३ ते ४२६ एवढी वर्षं घालून उत्तर लिहिलं, आणि त्यात त्यानं चक्रवाल्यांशी सरळ भांडण मांडलंय: ख्रिस्त एकदाच मेला, तो पुन्हा पुन्हा मरणार नाही, म्हणून काळ पुन्हा पुन्हा तोच येऊ शकत नाही. रेषेच्या मागे एका घटनेवरची निष्ठा आहे, हे मला तरी नवीन होतं. आणि पुढे १७२५ मध्ये इटलीत व्हिको या विचारवंतानं राष्ट्रांचे फेरे मांडले, १८८१ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेला आल्प्समध्ये फिरताना तेच ते पुन्हा येण्याचा विचार सुचला, म्हणजे चाक युरोपातून कधी पूर्ण गेलंच नाही.

सगळ्यात भारी झाला तो ऑगस्टीन आणि नागार्जुन एकत्र वाचण्याचा रविवार. नुसत्या त्याच्यासाठी फी वसूल. ऑगस्टीनची अडचण अशी की काळ काय हे कोणी विचारलं नाही तर त्याला ठाऊक आहे, कोणी विचारलं की सांगता येत नाही. गेलेला काळ आता नाही, येणारा अजून नाही, आणि आत्ताचा क्षण धरायला गेलं तर त्याला लांबीच नाही, मग आपण मोजतो तरी काय? त्याचं उत्तर असं की मोजणं मनात चालतं. पाठ असलेलं स्तोत्र म्हणायला घेतलं की म्हणण्याआधी सगळं अपेक्षेत असतं, म्हणता म्हणता एकेक ओळ आठवणीत जाते, मधे लक्ष उभं असतं. सरांनी आम्हाला ‘सुखकर्ता दुखहर्ता’ मनातल्या मनात म्हणायला लावलं आणि मधेच थांबवून विचारलं की आता राहिलेल्या ओळी कुठे आहेत. खोलीत एकदम शांतता, सगळे खरोखर शोधून राहिले होते.

आणि मग नागार्जुन, बौद्ध तत्त्वज्ञ. त्याच्या मूलमध्यमककारिका या ग्रंथाचं १९वं प्रकरण, फक्त सहा कारिका म्हणजे श्लोक, विषय काळाची परीक्षा. तो म्हणतो, वर्तमान आणि भविष्य जर भूतकाळावर अवलंबून असतील तर ते भूतकाळातच असायला पाहिजेत, कारण जी गोष्ट तिथे नाही ती त्याच्यावर अवलंबून राहणार कशी. आणि अवलंबून नाहीत म्हणाल तर मग त्यांना वर्तमान, भविष्य म्हणायचं कशाच्या आधारानं? थांबलेला काळ पकडता येत नाही कारण काळ थांबत नाही, आणि न थांबणाराही पकडता येत नाही. वस्तूंमुळे काळ म्हणाल तर वस्तूच स्वतःच्या बळावर उभ्या नाहीत, मग काळ कुठून उभा राहणार. हे सरांनी फळ्यावर कारिका लिहून, शब्द फोडून, घाई न करता शिकवलं आणि मग सांगितलं की दोघं एकाच खड्ड्यापाशी येऊन उभे आहेत, फरक असा की ऑगस्टीनच्या मागे काळाबाहेरचा, कधीच न बदलणारा देव आहे, त्यामुळे माणसाचा काळ तुटका असला तरी त्याला कुठेतरी टेकायला जागा आहे. नागार्जुन ती जागाही ठेवत नाही, आणि त्याला त्याची गरज वाटत नाही, कारण पकडायला काही नाही हे कळणं हाच त्याच्यासाठी सुटण्याचा रस्ता आहे. इथून चाळीस-पन्नास किलोमीटरवर रामटेक-मनसरचा परिसर परंपरेनं नागार्जुनाच्या नावाशी जोडला जातो, आपण तिथे गडमंदिर बघून परत येतो, आणि या माणसानं काय विचार केला हे आपल्याला शाळेत कोणी सांगत नाही याचं मला त्या दिवशी फार वाटलं.

पुढच्या रविवारी सर म्हणाले की आता पूर्व म्हणजे एक असं समजू नका. वैशेषिक हे आपल्याकडचं एक जुनं दर्शन, त्यांच्या नऊ द्रव्यांमध्ये काळ हे एक द्रव्य आहे, एकच, नित्य, सगळीकडे भरून असलेलं, आधी-नंतर, लवकर-उशिरा या कल्पना त्याच्यामुळे शक्य होतात. हे ऐकताना कोणाची आठवण येते? न्यूटनची. १६८७ मध्ये त्यानं मांडलेला काळही स्वतंत्रपणे, कशाचीही पर्वा न करता सारखा वाहणारा. आणि जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ जेव्हा न्यूटनच्या बाजूवाल्यांना म्हणतो की घटनांच्या क्रमापलीकडे काळ नावाची वेगळी वस्तू नाही, तेव्हा तो वैशेषिकांशी भांडणाऱ्या बौद्धांच्या जवळ जाऊन बसतो. म्हणजे नकाशावर उभी रेघ मारून अलीकडचे-पलीकडचे करण्यापेक्षा काळ वस्तू आहे म्हणणारे आणि नाही म्हणणारे असे गट पाडले तर जास्त काही कळतं. माझ्या मते अख्ख्या वर्गातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, पण नोट्समध्ये ते नाही.

युगांचा भाग मॅडमनी घेतला आणि त्यात आकडे नीट दिले. कली ४,३२,००० वर्षं, द्वापर त्याच्या दुप्पट, त्रेता तिप्पट, कृत चौपट, मिळून ४३,२०,०००, आणि असे हजार फेरे म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजेच एक कल्प, ४३२ कोटी वर्षं. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लगेच सुरू झालं की बघा, पृथ्वीचं वय शास्त्रज्ञ साधारण ४५४ कोटी सांगतात, आपल्या ऋषींना माहीत होतं. मॅडमनी हे टाळलं नाही, पुढच्या वर्गात उत्तर दिलं की बॅबिलोनचा बेरोसस हा पुरोहित महापुरापूर्वीच्या राजांचा एकूण काळ ४,३२,००० वर्षंच सांगतो, कारण हा आकडा साठच्या पटीत मोजणाऱ्यांच्या गणितातून सहज येतो, १२० गुणिले ३,६००. ग्रहांच्या फेऱ्यांचा हिशोब पूर्णांकात बसवायला असे मोठे आकडे लागतात. पृथ्वीच्या वयाशी जुळणं हा योगायोग, आणि तो योगायोग बाजूला ठेवल्यावर उलट त्या ज्योतिषांची खरी हुशारी दिसते. आर्यभटाचं उदाहरण त्यांनी दिलं: तो सांगतो की युगाचे तीन पाद, म्हणजे चारातले तीन भाग, आणि त्यावर ३,६०० वर्षं गेली तेव्हा मी २३ वर्षांचा होतो. ते साल ४९९. विश्वाच्या एवढ्या मोठ्या चाकावर एका पोरसवदा माणसानं स्वतःचं वय टाचून ठेवलंय.

त्यावरून एका काकांनी उठून पूजेचा संकल्प म्हणून दाखवला आणि तिथे मला वर्गाचा धागा हाताला लागला. श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं कलियुग, त्याचा पहिला चरण, मग भरतखंड, गोदावरीचा उत्तर तीर (पुण्याकडचे लोक दक्षिण तीर म्हणतात, आपण नागपूरवाले गोदावरीच्या उत्तरेला), मग शालिवाहन शक, संवत्सराचं नाव, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, आणि शेवटी म्हणणाऱ्याचं गोत्र आणि नाव. एका श्वासात कल्पापासून आज सकाळपर्यंत. यात चाकही आहे, साठ संवत्सरांचा फेरा आहे, आणि पुन्हा मागे न येणारा शकाचा आकडाही आहे. इतिहासकार रोमिला थापर यांनी १९९६ मध्ये हेच सविस्तर मांडलंय की युगं, वंशावळी आणि संवत एकमेकांच्या शेजारी नांदत होते. मला यातून जे कळलं ते असं की काळाचा आकार कोणता हा प्रश्नच थोडा आंधळा आहे, कोणती मोजणी कोणत्या कामासाठी वापरली हे विचारायला पाहिजे. जमीन दान द्यायची तर राजाचं राज्यवर्ष लागतं, श्राद्धाला तिथी लागते, मोक्षाबद्दल बोलायचं तर कल्प लागतो, आणि माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत यातल्या दोन-तीन गोष्टी तरी वापरतोच.

आजही तसंच आहे ना. १ जानेवारी १९०६ पासून आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे, नागपूर साधारण ७९.१ अंशावर, त्यामुळे इथला सूर्य घड्याळापेक्षा साधारण १४ मिनिटं मागे चालतो, मुंबईचा जवळपास ३९ मिनिटं. म्हणून पंचांगात गावागणिक सूर्योदय बघावा लागतो. आइनस्टाईन आणि फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसन यांचा ६ एप्रिल १९२२ चा पॅरिसमधला वाद पण याच भागात होता, घड्याळानं मोजलेला काळ आणि माणसानं अनुभवलेला काळ यांच्यावर, पण तो अर्ध्या तासात गुंडाळला. जपानच्या दोगेन या झेन बौद्ध गुरूचंही तसंच झालं. लाकडाची राख होते पण लाकूड आधी आणि राख नंतर असं समजू नका, लाकूड आपल्या जागी पूर्ण आहे, राख आपल्या जागी पूर्ण, हा त्याचा विचार १३व्या शतकातला, आणि तो समजायला एक अख्खा रविवार पाहिजे होता.

चीन मात्र मन लावून शिकवला. साठ वर्षांचा फेरा तिकडेही आहे, राजघराणी उठतात, माजतात, स्वर्गाचा आदेश गमावतात आणि पडतात हेही आहे, पण त्याच चीनमध्ये सिमा चियान हा इतिहासकार होतो. वडिलांनी मरताना त्याच्याकडून शब्द घेतला होता की अपुरा राहिलेला इतिहास तू पूर्ण कर. मग एका पराभूत सेनापतीची बाजू घेतली म्हणून सम्राटाचा राग ओढवला आणि त्याला खच्चीकरणाची शिक्षा झाली. त्या काळी अशी शिक्षा भोगण्यापेक्षा जीव देणं मानाचं समजलं जायचं. त्यानं शिक्षा भोगली, जगला, आणि १३० प्रकरणांचा ग्रंथ पुरा केला, त्यातली १० प्रकरणं म्हणजे नुसत्या कालक्रमाचे तक्ते, कुठल्या राज्यात कोणत्या वर्षी काय चाललं होतं ते शेजारी शेजारी. मॅडम सांगून राहिल्या होत्या तेव्हा माझ्या बाजूच्या ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं. घराणी येतात-जातात असं मानणाऱ्या माणसानं एकेका वर्षाचा हिशोब ठेवायला असं आयुष्य लावावं, याच्यापुढे गोल आणि बाणाचं चित्र टिकत नाही.

इब्न खल्दूनला कुठे बसवायचं हे कोणालाच कळलं नाही आणि ते बरंच झालं. ट्युनिसचा माणूस, १३७७ मध्ये लिहिलेलं, ना आशियाचा ना युरोपचा. त्याचा सिद्धांत असा की एकजुटीच्या बळावर टोळी राज्य जिंकते, ऐषारामात ती एकजूट विरते, आणि साधारण तीन पिढ्यांत, म्हणजे १२० वर्षांत, घराणं संपतं. एका पोट्ट्यानं तिथल्या तिथे हिशोब केला, रघुजी भोसल्यांनी १७४३ मध्ये नागपूर हातात घेतलं, १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले आणि डलहौसीनं राज्य खालसा केलं, ११० वर्षं, बसतं की! मॅडमनी त्याला छान समजावलं की आकडा बसला म्हणून कारण बसत नाही, आधी हे बघ की १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई हरल्यावर भोसल्यांकडे उरलं काय होतं.

आणि तिथूनच मॅडम जर्मन तत्त्वज्ञ हेगेल आणि ब्रिटिश लेखक मिल यांच्याकडे वळल्या. जेम्स मिलचा ब्रिटिश इंडियाचा इतिहास याच १८१७ सालचा. हा माणूस भारतात कधी आला नाही, त्याला इथली एकही भाषा येत नव्हती, आणि त्यात त्याला काही कमी वाटली नाही. हिंदू, मुस्लिम, ब्रिटिश असे कालखंड पाडण्याची सवय तिथूनच पक्की झाली, आणि आपण आजही त्याच खणांमध्ये भांडतो. हेगेलनं पुढच्या काही वर्षांत बर्लिनमध्ये व्याख्यानं दिली, जगाचा इतिहास पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो, आशिया सुरुवात, युरोप शेवट, आणि भारतीयांना इतिहास लिहिताच आला नाही. म्हणजे पूर्वेचं चाक आणि पश्चिमेची रेषा ही फक्त तत्त्वज्ञानातली निरागस तुलना नव्हती, ज्यांच्याकडे इतिहास नाही त्यांच्यावर राज्य करायला हरकत नाही अशी सोय त्यात होती. आणि पुढे आपल्याकडच्याच लोकांनी तेच वाक्य अभिमानानं म्हणायला घेतलं, आम्हाला इतिहासाची गरज नाही, आम्ही सनातन. मला हे ऐकताना खूप राग आला आणि तो राग यायलाच पाहिजे होता.

उत्तर म्हणून कल्हणानं लिहिलेला काश्मीरच्या राजांचा इतिहास, राजतरंगिणी, आला, ११४८ ते ११५०. त्यात तो सुरुवातीलाच म्हणतो की जो राग-द्वेष बाजूला ठेवून, न्यायाधीशासारखा, झालं ते सांगतो तोच कवी कौतुकाला पात्र. जुने ग्रंथ तपासले, दानपत्रं, शिलालेख बघितले असं सांगतो. त्याच ग्रंथात एक राजा ३०० वर्षं राज्य करतो हेही मॅडमनी लपवलं नाही.

पण खरी मजा आली विदर्भात. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर घ्या. तिथे वाकाटकांच्या, म्हणजे विदर्भावर राज्य करणाऱ्या जुन्या घराण्याच्या, प्रभावतीगुप्तेचा ताम्रपट सापडला, दान रामगिरीस्वामींच्या, म्हणजे आपल्या रामटेकच्या देवाच्या, पायापाशी दिलेलं, आणि साल लिहिलंय तिच्या मुलाच्या, प्रवरसेनाच्या, राज्याचं १९वं वर्ष. राज्यवर्ष म्हणजे राजा बदलला की मोजणी पुन्हा एकपासून. मग हे नेमकं कधीचं? तर ती चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी, ताम्रपटात गुप्तांचीच वंशावळ सांगते, आणि गुप्तांचा संवत ३१९-२० पासून चालू. बापाच्या घरची मोजणी पुढे चालणारी, मुलाच्या घरची पुन्हा पुन्हा सुरू होणारी, आणि त्या दोन्ही एका बाईच्या नावानं जोडल्या जातात. हे असे धागे जुळवण्यात नागपूरच्या वा. वि. मिराशींनी आयुष्य घातलं, वाकाटकांच्या लेखांचा त्यांचा मोठा खंड १९६३ चा. आणि त्याच रिद्धपुरात १३व्या शतकात महानुभावांनी काय केलं? चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी ज्यांनी त्यांना पाहिलं होतं त्यांना गाठून गाठून आठवणी गोळा केल्या, लीळाचरित्र उभं राहिलं, आणि कोणाची आठवण वेगळी असेल तर ती पुसून न टाकता वेगळी म्हणून नोंदायची पद्धत त्या परंपरेत आहे. स्वामी कुठल्या गावात कुठे बसले, कुठे उभे राहिले याची स्थानपोथी वेगळी. या लोकांना संसारातून सुटायचं होतं, जन्माच्या फेऱ्यावर त्यांचा पूर्ण विश्वास, आणि तरी ‘हे असंच घडलं का’ याची एवढी काळजी! कारण त्यांच्यासाठी देव एकदा, या गावांमधून, या रस्त्यानं चालत गेला होता. मला ऑगस्टीन आठवला. एका घटनेवरची निष्ठा दोन्हीकडे सारखंच काम करते.

आता पाचवा स्टार. एवढं सगळं शिकवणाऱ्या वर्गात, आणि तेही नागपुरात, १४ ऑक्टोबर १९५६ वर, म्हणजे बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेवर, एक सत्र नाही. ओझरता उल्लेखही नाही. वर्ग जिथे भरतो तिथून दीक्षाभूमी गाडीनं दहा मिनिटं. काळ आणि इतिहास या विषयाचा जगातला एवढा मोठा दाखला शेजारी असताना तुम्ही बर्लिनपर्यंत जाऊन परत येता, हे मला पटलं नाही आणि मी फीडबॅक फॉर्मवर तसं लिहिलं.

कारण बघा, तिथे काय झालं. ते वर्ष बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला २५०० वर्षं झाल्याचं, म्हणजे एक लांब सरळ मोजणी. दिवस विजयादशमीचा, अशोकाच्या नावाशी जोडलेला, म्हणजे दरवर्षी फिरून येणारी तिथी. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूर का निवडलं ते सांगितलं, इथल्या नाग लोकांनी बौद्ध धर्म पसरवला, त्यांच्या नावाची नदी इथे वाहते, म्हणजे फार जुन्या इतिहासाचा आधार. आणि हे सगळे आधार घेऊन केलं काय, तर लाखो माणसांच्या आयुष्यात आधी आणि नंतर असा कायमचा छेद दिला. शिवाय मागच्या जन्मीच्या पापामुळे या जन्मी ही जात आणि ही गरिबी, असा अर्थ लावणारा कर्मसिद्धांत त्यांनी साफ नाकारला, बुद्ध असं म्हणूच शकत नाही असं मांडलं. भूतकाळाचा वर्तमानावर किती हक्क, हा नागार्जुनानं सहा कारिकांत तपासलेला प्रश्न इथे मैदानात उभ्या माणसांच्या पोटापाण्याचा आणि मानाचा झाला. चाक की रेषा, सांगा बरं? आजही नागपूरचा मुख्य सोहळा तिथीनं, अशोक विजयादशमीला होतो, आणि बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला दीक्षा दिली तिथला सोहळा तारखेनं, १५-१६ ऑक्टोबरला. तीन दिवसांत घडलेल्या एकाच घटनेला दोन शहरं दोन वेगवेगळ्या मोजण्यांनी दरवर्षी बोलावतात. आमच्या वर्गात कामठी आणि इंदोऱ्याकडून येणारी पोरं होती, त्यांच्या घरातल्या आजी-आजोबांनी तो दिवस पाहिलेला, त्यांना बोलायला लावलं असतं तर कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त मिळालं असतं.

बाकी तक्रारी छोट्या आहेत. नोट्स इंग्रजीत, आणि त्यात पहिल्या पानावर तेच गोल-बाणाचं चित्र अजून छापलेलं, ते काढाच. रेकॉर्डिंग देऊ म्हणाले होते, मिळालं नाही. लिफ्ट नाही, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांचे हाल होतात, मी दोन काकूंना अर्ध्या जिन्यातून परत जाताना पाहिलंय आणि ते बघवलं नाही. शेवटी शेवटी कूलर लावला की मागच्या ओळीत मॅडमचा आवाज येत नाही, पुढे बसा. फी दोन हजार, कॉलेजच्या मुलांना अर्धी, या दर्जाला ती कमीच आहे. मधल्या सुट्टीत चहा-पोहे मिळतात आणि खऱ्या चर्चा तिथेच होतात, तेव्हा घाईनं खाली उतरू नका.

कोणी जावं? शिक्षक लोकांनी तर नक्की, विशेषतः शाळेत इतिहास शिकवणाऱ्यांनी. एमपीएससीवाल्यांना थेट फायदा नाही, तसं समजून येऊ नका. धर्माबद्दल आधीच सगळं ठरवून आलेल्यांना त्रास होईल, पण सर कोणाचा अपमान करत नाहीत, प्रश्न विचारला तर पुढच्या रविवारी पुस्तक घेऊन येतात आणि पान काढून दाखवतात, हे मी फार कमी शिक्षकांमध्ये पाहिलंय. तयारी म्हणून काही वाचायची गरज नाही, फक्त मोबाईल बंद ठेवा आणि वही आणा.

पुढची बॅच दसरा-दिवाळीनंतर आहे असं कळलं. मॅडमना मी १९५६ च्या सत्राबद्दल विचारलं तर म्हणाल्या की विचार करतो, दीक्षाभूमीवरच एक रविवार ठेवता येईल का बघतो. माझी विनंती आहे की जे कोणी नाव नोंदवतील त्यांनी फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात हे सत्र आणि मराठी नोट्स या दोन गोष्टी लिहून मागाव्यात, जितके जास्त जण लिहितील तितकं त्यांना नाही म्हणणं अवघड जाईल. मी तर दोगेनच्या भागासाठी पुन्हा नाव नोंदवणारच आहे.